रिकाम्या फेरीचे मोल : बंबलमाशांच्या गणनेतील स्वयंसेवकांच्या कार्याची मीमांसा

स्वयंसेवकांनी जमविलेल्या निसर्गविषयक नोंदींसंबंधी गेल्या काही वर्षांत जे संशोधनपर लेखन झाले आहे, त्याचा बराच मोठा भाग एकाच शंकेभोवती घोटाळताना दिसतो. शास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या माणसाने एखाद्या कीटकाला दिलेले नाव कितपत खरे मानावयाचे, ही ती शंका होय. शंका रास्त आहे आणि तिचे निरसन करण्याचे प्रयत्नही प्रामाणिक आहेत. तथापि एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला म्हणजे तोच मुख्य प्रश्न असल्याचा समज रूढ होतो, व त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा प्रश्न झाकला जातो. बंबलमाशांच्या संरक्षणासाठी ब्रिटन, उत्तर अमेरिका व जपान येथे चाललेल्या लोकसहभागी गणनांच्या बाबतीत काहीसे असेच घडले आहे. नावाच्या खरेखोटेपणाची झडती पुष्कळ झाली. परंतु स्वयंसेवक ठरल्या वेळी ठरल्या जागी गेला आणि त्याला काहीच दिसले नाही, तर त्या रिकाम्या फेरीचे काय करावयाचे, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. प्रस्तुत विवेचनाचा रोख या दुसऱ्या प्रश्नाकडे आहे.

प्रथम कीटकाच्या नावाविषयी. ‘बंबल बी’ला मराठीत सर्रास ‘भुंगा’ म्हटले जाते. परंतु महाराष्ट्रात ज्याला भुंगा म्हणतात, जो घराच्या वाशाला किंवा वाळलेल्या बांबूला भोक पाडून आत बिऱ्हाड करतो, तो काळा तकतकीत कीटक झायलोकोपा या प्रजातीतला होय. बंबलमाशी ही बॉम्बस या निराळ्या प्रजातीतील आहे. तिचे अंग दाट केसांनी भरलेले असते व त्यावर पिवळे, काळे, पांढरे किंवा तांबूस पट्टे असतात. ती मुख्यत्वे थंड हवेच्या प्रदेशात राहते. भारतात हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगराळ भागात तिच्या अनेक जाती आहेत. दक्षिण भारतात, आणि म्हणून सह्याद्रीतही, ती मुळीच नाही. काश्मीर वा हिमाचलाकडे न गेलेल्या मराठी वाचकाने ती पाहिलेली असण्याचा संभव कमी. (काव्यातला भ्रमर या दोहोंपैकी कोणता, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही.) घोटाळा टळावा म्हणून या लेखात ‘मधमाशी’च्या धर्तीवर ‘बंबलमाशी’ हा सरमिसळ शब्द योजला आहे.

या माशीच्या आयुष्यक्रमातील एक गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समशीतोष्ण प्रदेशात तिची वसाहत एका वर्षापुरतीच असते. हिवाळा जमिनीत झोपून काढलेली राणी वसंतात एकटीच बाहेर पडते, उंदराच्या जुन्या बिळासारखी एखादी जागा शोधते, पहिल्या कामकरी माशा स्वतःच वाढविते, आणि शरद ऋतूच्या अखेरीस नव्या राण्या सोडून सारी वसाहत मरून जाते. त्यामुळे एकाच ठिकाणी या माशांची संख्या दर वर्षी आणि एकाच वर्षात दर महिन्याला पालटत असते. एका दिवसाच्या निरीक्षणावरून तिथे माशा वाढल्या की घटल्या हे कोणालाही सांगता यावयाचे नाही, मग तो निरीक्षक प्राध्यापक असो की पोस्टमास्तर.

उत्तर अमेरिकेतील ‘बंबल बी वॉच’ हा उपक्रम २०१४ साली झर्सीज सोसायटी, वाइल्डलाइफ प्रिझर्व्हेशन कॅनडा व अन्य काही संस्थांनी मिळून सुरू केला. त्याची रीत सोपी आहे. कोणीही मनुष्य बंबलमाशीचे छायाचित्र काढतो, ते स्थळ व दिनांक यांसह पाठवितो, चित्रे व खुणा ताडून आपल्या मते जातीचे नाव सुचवितो, आणि नंतर तज्ज्ञ ते छायाचित्र पाहून नाव कायम करतो किंवा बदलतो. या उपक्रमातील नोंदींची छाननी करणारा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांनी सुचविलेले नाव व तज्ज्ञाने ठरविलेले नाव यांचा मेळ सरासरीने निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ५३ टक्के बसतो, असे त्यात आढळून आले. हा आकडा एकटाच उचलला की हौशी निरीक्षकाचे दर दुसरे विधान चुकीचे आणि म्हणून त्याच्या श्रमावर विसंबणे धोक्याचे, असा त्याचा अर्थ लावणे सोपे होते.

ही मांडणी तर्काला सोडून आहे. ज्या नोंदीला छायाचित्र जोडलेले आहे आणि जिचे अंतिम नाव तज्ज्ञ ठरवितो, त्या नोंदीची विश्वसनीयता स्वयंसेवकाच्या अंदाजावर अवलंबून नसतेच. ५३ टक्के हा आकडा स्वयंसेवकाला नावे किती येतात याचे माप आहे. जमलेली सामग्री किती खरी आहे याचे नव्हे. परीक्षकाने उत्तर दुरुस्त करून वहीत उतरवून घेतल्यावर वहीतील उत्तर चुकीचे आहे असे कोणी म्हणत नाही. या आकड्याचा खरा उपयोग शिकविण्यासाठी आहे. कोणत्या जातीत घोटाळा होतो, कोणत्या खुणा लोकांच्या नजरेतून निसटतात, कोणत्या प्रदेशात मार्गदर्शक चित्रे सुधारावयास हवीत, हे त्यावरून कळते.

शिवाय नाव देण्यातील अडचण निम्मी तरी माशीचीच आहे. अमेरिकेत सर्वांत गाजलेल्या बॉम्बस अफिनिस या जातीचे इंग्रजी नाव पाठीवरील गंजासारख्या तांबूस डागावरून पडले आहे. परंतु तो डाग कामकरी माशांना व नरांना असतो, राणीला नसतो. उलट दुसऱ्या काही सर्वसामान्य जातींच्या पोटावर त्याच जागी तपकिरी छटा असते. ब्रिटनमध्ये तर बॉम्बस टेरेस्ट्रिस आणि बॉम्बस ल्यूकोरम यांच्या कामकरी माशा मैदानात उभे राहून खात्रीने वेगळ्या ओळखताच येत नाहीत. आणि जिला पूर्वी ल्यूकोरम ही एकच जाती समजत, ती वस्तुतः तीन जातींचा समूह आहे व त्यांचा निवाडा आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवाचून होत नाही. अशा ठिकाणी प्रामाणिक निरीक्षकाने दोन्ही नावे एकत्र लिहावीत, हेच शास्त्रीय. जो ज्ञानी एका नावाचा आग्रह धरील, तो अडाण्यापेक्षा अधिक चुकेल.

जपानमध्ये या नामकरणाच्या प्रश्नाची वाटच बदलण्यात आली. तेथील भाषेत बंबलमाशीला ‘मारुहानाबाची’ म्हणतात. ‘गोल फुलमाशी’ असा त्याचा सरळ अर्थ, आणि हे नाव आपल्या कोशकारांना हेवा वाटावा असे आहे. २०१३ साली तोहोकू व यामागाता या विद्यापीठांतील संशोधकांनी देशभर या माशांची लोकगणना आरंभिली. लोकांनी केवळ छायाचित्रे पाठवावयाची. नाव देण्याचा भार त्यांच्यावर टाकलेलाच नाही. नावे संशोधक ठरवितात आणि त्या स्थळांची हवामान व भूमीचा वापर यांच्याशी सांगड घालून कोणती जात कोठे असू शकेल याचा नकाशा तयार करतात. काम उत्तम आहे, आणि विद्यापीठाबाहेरच्या माणसाच्या हातून सबंध देश पाहता येतो हे त्याने सिद्ध केले आहे. मात्र या लेखाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. नावाचा प्रश्न येथे पुरता सुटला आहे. तरीही एक पोकळी उरतेच. ज्याला माशी दिसली नाही तो छायाचित्र कशाचे पाठविणार? ज्या खेड्यातून एकही चित्र आले नाही तिथे माशा नव्हत्या, की पाहणारे नव्हते, याचे उत्तर त्या संग्रहातून थेट मिळत नाही.

ही पोकळी किती घोटाळ्याची आहे हे बॉम्बस अफिनिसच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. एके काळी ही जात अमेरिकेतील २८ राज्यांत आणि कॅनडातील दोन प्रांतांत पसरलेली होती. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून ती झपाट्याने नाहीशी होत गेली आणि तिच्या मूळ क्षेत्रापैकी सुमारे ८७ टक्के भागातून ती दिसेनाशी झाली, असा अंदाज पुढे करण्यात आला. २०१७ साली तिला अमेरिकेच्या संघीय कायद्याने संकटग्रस्त जातीचे संरक्षण मिळाले. ते मिळविणारी ही पहिली बंबलमाशी. २०१९ मध्ये मिनेसोटा राज्याने तिला आपली राज्यमाशी म्हणून मान दिला. आता या दुर्मिळ माशीच्या अलीकडच्या नोंदी कोठून येतात असे पाहिले तर मिनीॲपोलिस व सेंट पॉल, मॅडिसन, मिल्वॉकी, शिकागोचा परिसर अशी शहरी नावे ठळकपणे समोर येतात, आणि त्यांतील पुष्कळ नोंदी परसबागेत किंवा सार्वजनिक उद्यानात उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांच्या आहेत.

यावरून दोन अगदी भिन्न निष्कर्ष निघू शकतात. एक असा की, मैलोगणती मका आणि सोयाबीन पिकविणाऱ्या शेतीत वसंतापासून शरदापर्यंत सलग फुले मिळत नाहीत, शहरातील बागांतून ती मिळतात, म्हणून माशी शहराच्या आश्रयाला गेली. दुसरा असा की, शहरात छायाचित्रे काढणारी माणसे आहेत आणि मक्याच्या शेतात नाहीत, एवढाच काय तो फरक. पहिला निष्कर्ष खरा असेल तर संरक्षणाचा पैसा शहरी बागांकडे वळविला पाहिजे. दुसरा खरा असेल तर गवताळ माळांवरच्या एखाद्या उरल्यासुरल्या वसाहतीकडे कोणाचे लक्ष नसताना ती मरून जाईल. दोहोंत थोडेथोडे तथ्य असणे सर्वांत संभवनीय आहे. परंतु किती, हे केवळ ‘दिसली’ अशा नोंदींच्या राशीवरून कळणे शक्य नाही. मग त्या राशीतील प्रत्येक नाव शंभर टक्के बिनचूक का असेना.

हा पेच नवा नाही. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकात बंबलमाशांच्या वितरणाचे नकाशे करण्याची योजना हौशी निरीक्षकांच्या मदतीने पार पडली आणि १९८० साली तिचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्या नकाशांच्या आधारे पॉल विल्यम्स यांनी १९८२ मध्ये या माशांच्या ऱ्हासाची जी मीमांसा केली, ती या विषयातील पायाभूत मानली जाते. इंग्लंडच्या मध्य भागात पुष्कळ जाती उरलेल्या नाहीत, हे त्यांनी दाखविले. नकाशातील रिकामा चौकोन हा त्या काळीही दुहेरी अर्थाचा होता, आणि त्यावर अभ्यासकांच्या हाती एक साधी युक्ती असते. ज्या चौकोनात सर्वसामान्य जाती नोंदलेल्या आहेत पण दुर्मिळ जात नाही, तिथे निदान कोणी तरी जाऊन पाहिले होते एवढे निश्चित. अर्थात ही पळवाट आहे. जुन्या, अपुऱ्या सामग्रीतून अर्थ काढण्यासाठी वापरलेली. नव्याने आखल्या जाणाऱ्या योजनांनी तिच्यावर समाधान मानण्याचे कारण नाही.

न दिसण्याची नोंद कशी ठेवावी व ती किती मोलाची असते, याचे उत्कृष्ट उदाहरण एका निवृत्त प्राध्यापकाने घालून दिले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कीटकशास्त्र शिकविणारे रॉबिन थॉर्प हे १९९४ साली सेवानिवृत्त झाले. ऑरेगनचा दक्षिण भाग व कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग यांत, सुमारे ३०० किलोमीटर लांब व ११० किलोमीटर रुंद अशा चिमुकल्या टापूत बॉम्बस फ्रँकलिनी ही जात राहत असे. उत्तर अमेरिकेतील कोणत्याही बंबलमाशीचे क्षेत्र इतके लहान नव्हते. १९९८ पासून थॉर्प तिच्या ज्ञात ठिकाणी दर वर्षी जाऊ लागले. त्या वर्षी त्यांना ९४ माशा दिसल्या. १९९९ मध्ये २०, २००० मध्ये ९, २००१ मध्ये केवळ १. पुढे २००२ मध्ये पुन्हा २०. २००३ मध्ये ३. २००४ मध्ये एकही नाही. २००५ मध्ये एकही नाही. २००६ मध्ये ऑगस्ट महिन्यात माउंट ॲशलंडवर एक. त्यानंतर ही माशी कोणाच्या दृष्टीस पडल्याची खात्रीलायक नोंद नाही. थॉर्प पुढेही तिला शोधत राहिले. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

ही आकड्यांची ओळ बारकाईने वाचण्यासारखी आहे. २००१ मधील एका माशीनंतर थॉर्प थांबले असते तर तीच या जातीची अखेर ठरली असती, आणि ते चुकीचे झाले असते. २००२ मधील वीस माशा पाहून कोणी उत्साहाने पुनरुज्जीवनाची वार्ता दिली असती तर तेही चुकीचेच. २००४ व २००५ मधील दोन शून्यांनी मात्र २००६ मधील त्या एका माशीला अर्थ दिला. ती शून्ये कागदावर उमटली याचे कारण त्याच ठिकाणी, माशीच्या हंगामात, पूर्वी ती जिथे हमखास दिसत असे तिथे, तोच डोळा पुन्हा गेला होता. २०१० साली थॉर्प आणि झर्सीज सोसायटी यांनी या जातीला कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून जो अर्ज केला, त्याचा आधार बहुतांशी ही मोजणी होती; संरक्षण मिळाले ते २०२१ मध्ये. व्यापारी रीतीने वाढविलेल्या माशांमधून रोग पसरला असावा, हे थॉर्प यांनी मांडलेले अनुमान अद्याप वादाच्या कक्षेत आहे. पण ऱ्हास झाला की नाही याविषयी वाद उरला नाही, ही त्या शून्यांची कमाई होय.

थॉर्प हे तज्ज्ञ होते. म्हणून हे उदाहरण स्वयंसेवकांच्या बाजूने कसे मांडता येईल, असा आक्षेप येऊ शकेल. त्याला उत्तर असे की, त्यांच्या मोजणीतील निर्णायक गुण जातीची पारख हा नव्हता. फ्रँकलिनी ओळखणे त्या टापूत सराव केलेल्या माणसाला जमण्यासारखे होते. निर्णायक होते ते वर्षानुवर्षे परत जाणे, आणि ते काम विद्यापीठाचा नोकर या नात्याने नव्हे, तर नोकरी संपल्यावर झाले. वेतनाच्या व अनुदानाच्या मुदती तीन-चार वर्षांच्या असतात. माशी नाहीशी व्हावयास नऊ वर्षे लागली.

शून्याला असा अर्थ केव्हा येतो याचे गणित अवघड नाही. एखाद्या माळावर माशी खरोखर आहे, परंतु एका फेरीत ती दिसण्याचा संभव निम्माच आहे, असे समजू. एक फेरी रिकामी गेली तर त्यावरून काहीच ठरत नाही. लागोपाठ पाच फेऱ्या रिकाम्या गेल्या, तर माशी असूनही असे घडण्याचा संभव बत्तिसांत एक एवढाच उरतो. आठ फेऱ्यांनंतर तो दोनशेछप्पनांत एक होतो. म्हणजे पाचवी रिकामी फेरी ही पहिलीपेक्षा कितीतरी अधिक बोलकी असते. मात्र यासाठी प्रत्येक फेरी नोंदलेली हवी, तिचा वेळ व मार्ग ठरलेला हवा, आणि ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवशीही वही उघडली गेली पाहिजे. छायाचित्र पाठविण्याच्या पद्धतीत नेमकी हीच फेरी गळून जाते.

ब्रिटनमधील ‘बीवॉक’ ही योजना या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. २००६ साली स्थापन झालेल्या बंबलबी कन्झर्व्हेशन ट्रस्टने ती २००८ पासून चालविली आहे. स्वयंसेवकाने आपल्या सोयीचा एक ते दोन किलोमीटरांचा मार्ग स्वतःच निवडावयाचा, आणि मार्च ते ऑक्टोबर या काळात महिन्यातून निदान एकदा त्यावरून चालत जाऊन, आपल्यापुढे चार मीटर लांब, चार मीटर रुंद व दोन मीटर उंच अशी एक काल्पनिक पेटी आहे असे समजून तीत दिसलेल्या बंबलमाशा मोजावयाच्या. ओळख पटली नाही तर तसे लिहावयाचे. काहीच दिसले नाही तर शून्य लिहावयाचे. दिसावयास किती बेचव काम! दुर्मिळ माशीच्या शोधाचा रोमांच यात नाही. गावाबाहेरच्या त्याच पायवाटेवरून तेच कुंपण आणि तीच फुले पाहत जाणे आहे. परंतु २०२४ हे वर्ष ब्रिटनमधील बंबलमाशांच्या दृष्टीने या गणनेच्या इतिहासातील सर्वांत वाईट ठरले, २०१० ते २०२३ या वर्षांच्या सरासरीपेक्षा त्यांची संख्या जवळजवळ एक चतुर्थांशाने घटली, हे विधान २०२५ साली करता आले ते केवळ या बेचव कामाच्या बळावर. त्या वर्षीचा वसंत थंड व ओला होता आणि राण्यांना घरटी मांडणे कठीण गेले, असे कारण देण्यात येते. कारणाविषयी मतभेद होऊ शकेल. घट मोजली गेली याविषयी नाही.

या पद्धतीचे मूळ शोधू गेल्यास ते अनपेक्षित ठिकाणी सापडते. १८५४ ते १८६१ या काळात चार्ल्स डार्विन केंट परगण्यातील आपल्या डाउन येथील घराच्या आवारात नर बंबलमाशांच्या उडण्याच्या वाटा पाहत होते. हे नर ठराविक जागी क्षणभर गुंजारव करून पुढच्या जागी जातात, अशी ती गोष्ट. आणि ती प्रथम त्यांच्या एका मुलाच्या ध्यानात आली होती. पाठलाग एकट्याने होईना, तेव्हा डार्विन यांनी आपली पाच-सहा मुले एकेका जागी उभी केली आणि माशी आपल्यापाशी आली की ओरडून सांगावयाचे असे ठरविले. मुलांना कोणी जातीचे नाव विचारले नाही. ठरल्या जागी उभे राहावयाचे आणि आली तर आली म्हणावयाचे, एवढेच त्यांचे काम होते; ते त्यांनी चोख केले आणि बापाला मार्गाचा नकाशा मिळाला. हे टिपण डार्विन यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. ज्याची शास्त्रीय कीर्ती बव्हंशी पत्रव्यवहारातून जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून जमविलेल्या माहितीवर उभी होती, त्या पुरुषाच्या घरी असे घडावे यात नवल नाही.

बीवॉकही निर्दोष नाही. मार्ग स्वयंसेवकाने निवडावयाचा असल्यामुळे तो घराजवळचा, बहुधा फुलांचा आणि सुखाचा असतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील वाऱ्याच्या किनाऱ्यावर, जिथे बॉम्बस डिस्टिंग्वेंडस ही मोठी पिवळी माशी तग धरून आहे, तिथे चालणारे स्वाभाविकच कमी. अमेरिकेत वायव्येकडील वॉशिंग्टन, ऑरेगन व आयडाहो या तीन राज्यांत २०१८ साली सुरू झालेल्या नकाशा-योजनेने यावर निराळा तोडगा काढला. प्रदेशाचे चौकोन पाडून ते स्वयंसेवकांना दत्तक देण्यात आले. त्यांनी नेमलेल्या चौकोनात जाऊन ठराविक वेळ जाळे घेऊन हिंडावयाचे, सापडलेली माशी बर्फाने थंड करून तिचे नीट छायाचित्र घ्यावयाचे आणि तिला सोडून द्यावयाचे. माशी न सापडल्यासही पाहणीचा तक्ता भरावयाचाच. म्हणजे केवळ छायाचित्रांच्या संग्रहात काय उणे आहे, हे उपक्रम चालविणाऱ्यांनी स्वतःच जाणले होते असे म्हणावे लागते. टीकाकारांनी मात्र अद्याप नावाचाच घोष चालविला आहे.

या संदर्भात उपक्रमांच्या नावासंबंधीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. पूर्वी याला ‘नागरिक-विज्ञान’ म्हणत. अलीकडे, विशेषतः उत्तर अमेरिकेत, ‘समुदाय-विज्ञान’ हा शब्द पुढे आला, कारण नागरिकत्व नसलेला मनुष्यही माशी मोजू शकतो. हेतू स्तुत्य आहे. परंतु ‘समुदाय-विज्ञान’ या शब्दाला आधीपासून दुसरा एक अर्थ होता. एखाद्या वस्तीने आपल्या पाण्याचे वा हवेचे प्रदूषण स्वतः मोजावे, प्रश्नही तिनेच विचारावा, असा तो अर्थ. माशांच्या गणनेत प्रश्न संशोधन-संस्था विचारते, तक्ता तीच आखते. लोक तो भरतात. मराठीत ‘लोकविज्ञान’ हा शब्द विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या चळवळीतून रुळला. येथे ओझे उलट दिशेने वाहिले जाते. शब्द बदलल्याने हे नाते बदलत नाही. ते थोडे तरी बदलावयाचे असेल तर वही भरणाऱ्याला आपली वही कशासाठी वापरली जाते हे समजले पाहिजे, आणि त्यातही सर्वप्रथम हे समजले पाहिजे की त्याचे शून्य वाया गेलेले नाही.

व्यवहारात हे त्याला क्वचितच सांगितले जाते. दुर्मिळ माशी सापडली की वार्ता होते, शोधणाऱ्याचे कौतुक होते, आणि ते व्हावेही. परंतु जो मनुष्य तीन वर्षे दर महिन्याला जाऊन तीच सर्वसामान्य माशी लिहितो, किंवा काहीच लिहीत नाही, त्याच्या मनात आपण निरुपयोगी असल्याची भावना हळूहळू घर करते आणि चौथ्या वर्षी तो येत नाही. त्याच्याबरोबर तीन वर्षांची मालिकाही तुटते. स्वयंसेवक गळतात याची कारणे शोधणारे लेखन प्रशिक्षण अपुरे पडते, वेळ मिळत नाही, तज्ज्ञाचे उत्तर उशिरा येते, अशी कारणे देते. ती खरी आहेत. तज्ज्ञ थोडे आहेत आणि छायाचित्रांचे ढीग मोठे आहेत. परंतु कारणांच्या त्या यादीत रिकाम्या हाताने परतण्याचा कंटाळा जितक्या ठळकपणे यावयास हवा तितका येत नाही. संस्थांनी वार्षिक अहवालात रिकाम्या फेऱ्यांची संख्या सापडलेल्या माशांच्या शेजारी छापावी, आणि त्या फेऱ्यांवरून कोणते अनुमान निघाले हे चार ओळींत लिहावे. खर्च काहीच नाही. आणि एका मार्गावर दहा वर्षे चालणारा मनुष्य जोडून ठेवणे हे दहा मार्गांवर एकेक वर्ष चालणारी दहा माणसे नव्याने शिकविण्यापेक्षा स्वस्त आहे.

काही ठिकाणी शून्याची किंमत आधीच ओळखली गेली आहे. माउंट ॲशलंडच्या उतारांवर २००६ नंतरही बॉम्बस फ्रँकलिनीचा शोध घेण्यात आला. उन्हाळ्यात, फुले ऐन भरात असताना, जाळी घेतलेली माणसे त्याच कुरणांतून फिरली आणि इतर जातींच्या माशा मोजून खाली उतरली. त्या नोंदींत दिनांक आहे, स्थळ आहे, आणि फ्रँकलिनीच्या रकान्यात शून्य आहे.